मदत हवी आहे: अंड्याला टोच पडली, पण पिल्लू बाहेर येईना

नमस्कार मंडळी, कळव्याला राहतो. मुरबाडच्या मामांकडची 12 गावरान अंडी घरच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली आहेत. आज 21वा दिवस. तापमान 37.5 अंश, 18व्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद, आर्द्रता 65 टक्क्यांवर. मध्ये एकदा दोन तास वीज गेली, तेव्हा पेटी गोधडीत गुंडाळली होती.

काल रात्री दहाला एका अंड्याला टोच पडली. चिवचिव ऐकू येते, पण सकाळपासून चीर तसूभरही पुढे सरकलेली नाही. काचेतून आतला पापुद्रा कडेला पिवळट, सुकलेला दिसतो. 24 तास लागू शकतात हे माहीत आहे. घाईने सोललं तर रक्तस्राव होतो, म्हणून झाकण उघडलेलं नाही. पण जीव राहवत नाही हो. अजून किती थांबू? पापुद्रा कोमट पाण्याने ओलावू का? ज्यांनी स्वतः पिल्लं काढली आहेत त्यांनी कृपया लगेच सांगा.