खात्यात राहून खात्यावरच लक्ष ठेवायचं काम केलंय का? अनुभव लिहा (पुणे आणि परिसर)

धागा सुरू करणारी, कोथरूड

मंडळी, दक्षता, अंतर्गत लेखापरीक्षण, गुणनियंत्रण, महिला तक्रार समिती, माहिती अधिकारातलं पहिलं अपील ही कामं वेगवेगळी वाटतात पण त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची अवस्था सारखीच असते. पगार त्याच खात्याचा, डबा खायला तीच माणसं सोबत आणि काम काय तर त्यांनीच केलेलं तपासायचं. सेंट्रल बिल्डिंग, सिंचन भवन, साखर संकुल, खडकी देहूरोडकडच्या केंद्र सरकारच्या संस्था, पुण्यात अशी माणसं भरपूर आहेत. नोकरीत असताना त्यांना बोलता येत नाही आणि निवृत्त झाल्यावर कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारतेय. माझ्या भाचीला नुकतीच एका संस्थेत दक्षता अधिकारी म्हणून ऑर्डर मिळालीय आणि ती मला रोज विचारते, मावशी पहिल्या महिन्यात नक्की काय करू.

आधी माझं सांगते. मी वित्त व लेखा सेवेतून प्रतिनियुक्तीवर एका महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधे ही जागा मुद्दाम वेगळी ठेवलीय, हिशोब तपासायचे प्रशासनाचे आणि अहवाल द्यायचा स्थायी समितीला, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांना. व्यवस्था उत्तम आहे. पण २०२२ मधे राज्यातल्या बऱ्याच महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले, आणि प्रशासक म्हणजे बहुतेक ठिकाणी आयुक्तच, सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडेच. म्हणजे ज्यांच्या मंजुरीने खर्च झाला त्यांच्याकडेच त्या खर्चावरचा अहवाल. यात मी कुणा एका अधिकाऱ्याला दोष देत नाही, मला चांगले आयुक्त भेटले. पण समोर बसून "या पॅराचं (म्हणजे अहवालातल्या आक्षेपाचं) काय झालं" असं विचारणारा कुणी नसला की पॅरा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझ्या वेळी एक प्रकरण होतं. केबलसाठी खोदलेला रस्ता पूर्ववत करायचं काम दोन वेगळ्या बिलांत लावलेलं होतं, मोजमाप पुस्तकं दोन, चेनेज म्हणजे रस्त्यावरचं अंतर मात्र तेच. आमच्या ज्युनियर ऑडिटरने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पकडलं, फार हुशार मुलगी. हाफ मार्जिन म्हणजे लेखी शंकापत्र काढलं तर उत्तर आलं की तपासून कळवू. मग निरोप सुरू झाले, मॅडम पॅरा वगळा, अनुपालन नंतर देतो. मी एवढंच धरून बसले की जे सांगायचंय ते लेखी द्या, पानाच्या उजव्या बाजूला जागा त्यासाठीच सोडलीय. वसुली झाली, पण माझी बदली झाल्यानंतर.

माझं ठाम मत आहे की ऑर्डरमधे स्वतंत्र लिहिलं म्हणून कुणी स्वतंत्र होत नाही. अहवाल कुणाकडे जातो आणि तुमच्या कामाचा गोपनीय अहवाल कोण लिहितो, हे आधी बघा. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त अभियंता, सिंहगड रोड

ताई, मी जलसंपदात होतो आणि नोकरीतला बराच काळ गुणनियंत्रणात काढला. आमच्याकडे बांधकाम करणारा विभाग वेगळा आणि गुणनियंत्रणाचा वेगळा, वरचे अधीक्षक अभियंताही वेगळे, त्यामुळे माझा सीआर म्हणजे गोपनीय अहवाल साइटवरच्या कार्यकारी अभियंत्याच्या हातात नव्हता आणि हा फरक किती मोठा आहे ते ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब भरतात, १५० मिलिमीटरचे, सात दिवसांनी एक अंदाज येतो आणि अठ्ठावीस दिवसांनी खरा निकाल. आता ठेकेदाराला माहीत असतं की आज साहेब येणार, मग त्या दिवशीचा माल एकदम झकास. म्हणून आम्ही न सांगता जायचो, चालू असलेल्या कामाच्या मालातून नमुना घ्यायचो, ओल्या काँक्रीटवरच खिळ्याने तारीख आणि नंबर कोरायचो आणि क्यूब आमच्याच गाडीतून लॅबला न्यायचो. निकाल कमी आला की फोन सुरू, मार्च एंड आहे, बिल अडकलंय, एवढ्याने काय धरण पडतंय का. पडतं ना! पुण्यातल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा धरणाचं काम पूर्ण व्हायचं होतं तरी पाणी अडवलेलं होतं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या घरी त्या दिवसाच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. घाईने केलेलं काम कुठे जातं हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नवीन पोराला त्या तारखेवरून सांगायचो.

क्यूब फेल झाला म्हणून लगेच पाडा असं नसतं हेही सांगतो. आधी रिबाउंड हॅमरने पृष्ठभाग ठोकून अंदाज, मग गरज पडली तर काँक्रीटचा कोर (गोल तुकडा) काढून तपासणी, आणि तो निकाल जो येईल तो. माझा एक नियम होता, निकाल कागदावर यायच्या आधी कुणालाच तोंडी सांगायचा नाही, अगदी आपल्या वरिष्ठांनाही नाही, कारण तोंडी सांगितलेल्या आकड्यावर घासाघीस सुरू होते.

अंतर्गत समितीची माजी अध्यक्ष, वारजे

मी राज्य सरकारच्या एका कार्यालयात होते, नाव लिहीत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे आमच्याकडे अंतर्गत तक्रार समिती होती, अध्यक्ष महिला हवी आणि वरच्या पदावरची हवी म्हणून मला केलं. सभासदांमधे निम्म्या तरी बायका आणि एक बाहेरच्या संस्थेतली व्यक्ती. ती बाहेरची ताई नसती तर मी टिकले नसते हे अगदी मनापासून लिहितेय. आम्हा बाकीच्यांना प्रमोशन, बदली, क्वार्टर हे सगळं त्याच इमारतीतून मिळायचं, तिला काहीच नको होतं त्यामुळे सगळ्यांना मनातून विचारायचा असलेला प्रश्न ती बिनधास्त विचारायची.

तक्रार एका बऱ्याच वरच्या अधिकाऱ्याविरुद्ध आली आणि माझा गोपनीय अहवाल त्यांच्याच साखळीतून जायचा. मी पहिल्याच दिवशी वरच्या कार्यालयाला पत्र दिलं की चौकशी संपेपर्यंत माझा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा. लोक म्हणाले एवढं कशाला, नाराज होतील. पण ते पत्र फाईलला लागलं आणि मला मोकळा श्वास घेता आला. इथे एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते ती सांगते, तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, सरकारी भाषेत कार्यालय प्रमुखाविरुद्ध, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते, आपल्याच समितीकडे द्यायची सक्ती नाही.

सगळ्यात जास्त त्रास जागेचा झाला. बैठकीला आम्हाला जी खोली दिली ती साहेबांच्या केबिनच्या रांगेत, साक्षीदार मुलगी तिथून चालत येणार म्हणजे सगळ्या मजल्याला कळणार. मी भांडून दुसऱ्या इमारतीतली खोली घेतली आणि स्टेनोही तिथलीच घेतली कारण गुप्तता कायद्यातच आहे, ती माझी हौस नव्हे. तक्रारदार मुलीची तात्पुरती बदली हवी होती, बारावं कलम तशी शिफारस करायचा अधिकार देतं, पण ती शिफारस तिने लेखी मागितल्यावरच, नाहीतर बदली हीच तिला शिक्षा होऊन बसते. साक्षीदारांपैकी काहीजण फिरले. मी त्यांच्यावर रागावले नाही, त्यांच्या घरी ईएमआय आहेत. नव्वद दिवसांत चौकशी संपवायची असते, आम्ही संपवली.

आणि एक, समितीचा अहवाल म्हणजे नुसती शिफारस, आता परत खातेनिहाय चौकशी करू, असं आम्हाला ऐकवण्यात आलं. तेव्हा कामाला आला तो आपल्या पुण्याच्याच मेधा कोतवाल लेले यांच्या नावाचा खटला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलंय की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानायचा, २०१२ च्या निकालात परत बजावलंय. मी त्या निकालाची प्रत जोडून अहवाल पाठवला. त्या मुलीला दुसऱ्यांदा तेच सगळं सांगावं लागलं नाही, याचं मला आजही फार समाधान आहे.

प्रथम अपिलीय अधिकारी (अजून नोकरीत), येरवडा

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. माहिती अधिकारातला प्रथम अपिलीय अधिकारी स्वतंत्र नसतोच आणि कायद्याने तसा दावाही केलेला नाही. जन माहिती अधिकाऱ्याच्या वरचा त्याच कार्यालयातला माणूस, तीस दिवसांत आणि कारणं लिहून फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यायचा. दंड मी करू शकत नाही, रोजचे अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार तो अधिकार माहिती आयोगाचा. पण माहिती द्या असा आदेश मी देऊ शकतो आणि मनापासून दिला तर माणसाला दुसऱ्या अपिलाला जावंच लागत नाही. आयोगाकडे गेलं की किती वाट बघावी लागते ते सगळ्यांना माहीत आहे.

कायदा लागू झाला त्या दिवशी, १२ ऑक्टोबर २००५ ला, देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या पोलीस ठाण्यात दिला गेला असं म्हणतात, तेव्हा आपल्या शहरात तरी सुनावणी म्हणजे शिक्का मारायचं काम होऊ नये असं मला वाटतं. मी अर्जदाराला बसायला खुर्ची देतो, फाईल टेबलावर उघडतो आणि दोघांसमोर पानं चाळतो. बरेचदा वाद तिथेच संपतो.

वाचक, बाणेर

माझा सरकारी नोकरीशी संबंध नाही पण विषय वाचतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या खात्यात इन्स्पेक्टर जनरल नेमतात, तो खातेप्रमुखालाही अहवाल देतो आणि त्यांच्या संसदेलाही, आणि त्याला काढायचं तर संसदेला तीस दिवस आधी कारणांसकट कळवायचं असतं. तरी जानेवारी २०२५ मधे एका रात्रीत डझनाहून जास्त जणांना काढलं. नंतर सप्टेंबरमधे न्यायालयाने ते बेकायदेशीर म्हटलं पण परत खुर्ची काही मिळाली नाही. कोथरूडच्या ताई म्हणतात त्यात मी एक भर घालेन, काढायचा अधिकार कुणाकडे आहे तेही बघा.

दक्षता कक्षातली वरिष्ठ लिपिक, चिंचवड

सगळ्या साहेबांचं आणि मॅडमचं वाचलं, आमचंही कुणीतरी लिहायला हवं. दक्षता अधिकारी बाहेरून येतात, मुदत संपली की जातात. आम्ही त्याच खात्याचे. इथून परत मूळ शाखेत गेलो की जिची फाईल काल मी नंबर टाकून लावली तीच माझी सेक्शन ऑफिसर. माझ्या मैत्रिणीला परत गेल्यावर काम दिलं कुठलं तर रेकॉर्ड रूम, का ते कुणी बोलून दाखवलं नाही. मुलाच्या मुंजीचं आमंत्रण दिलं तर अर्धी शाखा आली नाही.

तरीही मी हे काम परत घेईन. एका ठेक्यात अनामत रकमेच्या बँक गॅरंटीची मुदत संपून गेलेली होती आणि कुणाच्या लक्षात नव्हतं, किंवा होतं, ते मी रजिस्टर लावताना काढलं. साहेबांनी टिपणीत लिहिलं की ही बाब लिपिकाने निदर्शनास आणली. त्या एका ओळीने मी किती वर्षं टिकले तुम्हाला सांगू शकत नाही. ताई, तुमच्या भाचीला सांगा हाताखालच्यांचं श्रेय टिपणीत लिही, आणि जाताना त्यांना कुठे पोस्टिंग मिळणार याचं पत्र करून मगच जा.

धागा सुरू करणारी, कोथरूड

चिंचवडच्या ताई, तुमचं लिहिणं भाचीला जसंच्या तसं पाठवलं. तिने विचारलंय की केंद्राच्या संस्थेत सीव्हीओ (मुख्य दक्षता अधिकारी) राहिलेलं कुणी आहे का, निनावी तक्रारींचा ढीग असतो म्हणे, त्याचं काय करायचं?

माजी सीव्हीओ, खडकी

आहे, मी होतो. केंद्रीय दक्षता आयोगाची सूचना स्पष्ट आहे, निनावी किंवा खोट्या नावाच्या तक्रारीवर कारवाई करायची नाही. नाव असेल तर आधी त्या पत्त्यावर पत्र पाठवून ही तक्रार तुमचीच का हे विचारायचं, पंधरा दिवस थांबायचं, उत्तर नाही तर स्मरणपत्र आणि अजून पंधरा दिवस. हे पाळलंच पाहिजे कारण आमच्याकडे प्रमोशनच्या कमिटीआधी बरोबर पत्रं यायची आणि त्यात कितीतरी सज्जन माणसं भरडली गेली असती. जिवाची भीती असलेल्यांसाठी २००४ पासून वेगळी वाट आहे, नाव फक्त आयोगाला कळतं, पाकिटावर पीआयडीपीआय लिहून पाठवायचं. हे तिने नोटीस बोर्डावर मराठीत लावावं, कामगारांना माहीतच नसतं.

आयोग सल्ला देतो, शिक्षा खातंच देतं. त्यामुळे तिचा अहवाल असा हवा की तो नाकारायचा तर कारण लिहावं लागेल. प्रत्येक निष्कर्षापुढे पान नंबर. पहिल्या महिन्यात नवीन काही उघडू नये, मागच्या तीन वर्षांत बंद केलेल्या तक्रारी वाचाव्यात, एकाच ठेकेदाराचं किंवा एकाच शाखेचं नाव परत परत येतंय का ते वहीत मांडावं. आणि संस्थेची गाडी, गेस्ट हाऊस, दिवाळीची भेट यातलं नियमाने मिळतं तेवढंच घ्यावं, जे घेतलं त्याची नोंद स्वतःच्या सहीने ठेवावी. काही अडलं तर मी खडकीतच असतो, तिला तुमच्याकडून माझा नंबर द्या.