मदत हवी आहे: पाल्याची पूड पिवळी पडली, मुलांना द्यावी का?

पालवी: गटातल्या आयांसाठी पाला वाळवून पूड केली होती. तीन आठवड्यांत पिवळट पडली. परवा बैठकीत वाटायची आहे. 'अ' जीवनसत्त्व उरलं असेल का? लवकर सांगा, नवा पाला वाळवायला वेळ नाही.

सावली: कसला पाला? कुठे वाळवला? ठेवलाय कशात?

पालवी: शेवग्याचा. गच्चीवर कडक उन्हात, दोन दिवसांत खुडखुडीत झाला. पूड काचेच्या बरणीत, खिडकीजवळच्या फळीवर.

सावली: मग 'अ' बरंच गेलं. पाल्यातलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर 'अ' बनवतं, ते उजेडाने आणि हवेने नासतं. पाला सावलीत, वाऱ्यावर, पातळ पसरून वाळवायचा आणि पूड हवाबंद डब्यात अंधारात ठेवायची. लोह, कॅल्शियम, प्रथिनं उन्हाने जात नाहीत. बुरशी किंवा कुबट वास नसेल तर फेकू नका, पण 'अ'साठी तिच्यावर विसंबू नका.

केशरी: पुडीचा खटाटोप कशाला? केशरी गराची रताळी उकडून द्या! सव्वाशे ग्रॅममध्ये लहान मुलाची दिवसाची 'अ'ची गरज भागते. २०१६चा जागतिक अन्न पुरस्कार याच रताळ्यावर काम करणाऱ्या तिघांना (आणि आणखी एकाला) मिळाला. पांढऱ्या गराचं नको, त्यात 'अ' जवळजवळ नसतंच.

सावली: केशरी रताळं सगळीकडे मिळत नाही. दारात उगवतं तेच बायका रोज वापरतील.

केशरी: मग लाल भोपळा. अख्खा असेल तर महिनोन्महिने टिकतो, वाळवायची गरजच नाही.

मायमाउली: गरोदर बाईने जेवणावर लगेच चहा घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळावं.

पालवी: ते आम्ही सांगतोच. पुडीचं बोला ना.

दुडूदुडू: मुलं केवढी आहेत ते कुठेच लिहिलं नाहीत.

पालवी: चार महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत.

दुडूदुडू: अहो, हे आधी सांगायचं! सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पूड-बिड काही नाही. त्या बाळांच्या आयांना खाऊ घाला. आईच्या पोटातलं 'अ' दुधात उतरतं. मोठ्यांनाही पूड वरून भुरभुरू नका, गच्चीवरची धूळ असते. शिजत्या अन्नात घाला.

पालवी: बरं. परवा पूड वाटत नाही, भोपळा शिजवून दाखवते. 'अ' अंगी लागायला तेल हवं ना, ते फोडणीला घालायचं की वरून?

केशरी: कसंही. मुलाला चमचाभर पुरे, पण भोपळ्याबरोबरच पोटात जायला हवं.