पणजीच्या कॅसिनोत डीलरची नोकरी: पगार, टिप आणि घरच्यांची काळजी

येळ्ळूरकर
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ बी.कॉम. झालाय. पणजीतल्या एका कॅसिनोत ट्रेनी डीलर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा, म्हणून त्याची निवड झाली आहे. सांगितलेला पगार बेळगावच्या मानाने थोडाच जास्त आहे, पण 'टिप धरून चांगलं पडतं' असं ते म्हणतात. ही टिप कुणाच्या हातात पडते? या कामात माणूस टिकतो का? आई रोज म्हणते, पोराला मटक्याच्या अड्ड्यावर धाडू नको. आत काम केलेलं कुणी असेल तर खरं खरं सांगा.

उद्यमबाग_लेथ
दादा, पगाराचा आकडा बघून भुलू नका. चोर्ला घाट उतरला की खोलीभाडं, जेवण, येणंजाणं सगळं खिशातून. इथं फाउंड्रीत नाहीतर सीएनसीवर लागला तर रात्री घरी भाकरी तरी खाईल. कॅसिनोतलं मला काही माहीत नाही, हिशेब तेवढा सांगितला.

नंदगडची
येळ्ळूरकर दादा, मी रुलेटवर, म्हणजे आकड्यांच्या चाकावर गोळी फिरवायच्या खेळावर, डीलर होते, आता त्याच मजल्यावर डीलरांवर लक्ष ठेवणारी इन्स्पेक्टर आहे. सविस्तर लिहिते, कारण मी लागले तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

आधी आईंचं. मटका चोरून चालतो, हे कायद्याने चालतं. गोव्याच्या १९७६च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ला दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची मशीनं आली. १९९६च्या दुरुस्तीने जहाजावर टेबलावरचे खेळ आले. म्हणून मांडवीत ती जहाजं उभी दिसतात. १ फेब्रुवारी २०२०पासून गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे, कामाला नाही. कामगाराने खेळायचं तर मुळीच नाही. आमच्या कपड्याला खिसा नसतो. टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवायचे, नाक खाजवायचं असलं तरी आधी हात दाखवायचे. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती जराशी निवांत झाली.

आता पैसे. ट्रेनिंगमध्ये मला हातात बारा हजार पडायचे, टेबलावर बसल्यावर अठरा. हे जुने आकडे, आज त्याहून जास्त देतात. टिप मात्र एकट्याची नसते, हे भावाला पहिल्यांदा सांगा. गिऱ्हाईक जिंकलं की एखादी चिप, म्हणजे पैशाऐवजी खेळायची चकती, आपल्याकडे सरकवतं. ती उचलून इन्स्पेक्टरला ऐकू जाईल असं बोलायचं आणि सगळ्यांसमोर पेटीत टाकायची. पेट्या एकत्र मोजतात आणि हुद्द्याप्रमाणे, हजेरीप्रमाणे वाटतात. माझ्या टेबलावर एका रात्रीत पाच हजाराची चिप पडली तरी माझ्या वाट्याला आला तो सगळ्यांएवढाच हिस्सा. सुरुवातीला याचा राग यायचा. पण रिकाम्या टेबलावर रात्रभर उभं राहायची पाळी आल्यावर हीच पद्धत न्याय्य वाटायला लागली. देश बदलला की रीत बदलते. अमेरिकेत डीलरचा मूळ पगार किमान वेतनाच्या आसपास आणि खरी कमाई टिपची. ऑस्ट्रेलियात डीलरने टिप घेणंच बंद आहे, तिथं पगारावरच भागवतात. आपल्याकडे दोन्हीच्या मधलं आहे, म्हणून घरखर्च पगारावर बसवावा आणि टिप आली तर बाजूला टाकावी. २०२०मध्ये मार्चपासून ऑक्टोबर सरेपर्यंत कॅसिनो बंद होते. ज्यांनी टिप धरून कर्जाचे हप्ते बांधले होते, त्यांचे हाल मी डोळ्याने पाहिलेत. आता करही वाढलाय. चिप घेतानाच जीएसटी लागतो, तो ऑक्टोबर २०२३पासून २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५पासून ४० झाला. इतका पैसा आधीच गेल्यावर गिऱ्हाईक पेटीकडे हात आखडूनच बघतं.

टिकण्याबद्दल विचारलंत. मला हे काम आवडतं, मनापासून आवडतं. गोळी एका आकड्यावर थांबते आणि त्या आकड्याभोवती चिपांचा ढीग असतो. समजा एका गिऱ्हाइकाच्या आकड्यावर सरळ तीन चिपा, दोन आकड्यांच्या रेघेवर दोन, चार आकड्यांच्या कोपऱ्यावर एक. सरळला पस्तीसपट, रेघेला सतरापट, कोपऱ्याला आठपट. म्हणजे एकशे पाच, चौतीस आणि आठ, एकूण एकशे सत्तेचाळीस. तोंडाने हिशेब आणि बोटांनी वीस-वीसच्या थप्प्या, दोन्ही एकाच वेळी, आणि समोर सातआठ माणसं डोळे लावून बसलेली. आमच्या नंदगडच्या मराठी शाळेत गुरुजींनी सतराचा आणि पस्तिसाचा पाढा घोटून घेतला होता. ट्रेनिंगमध्ये इंग्रजी शाळेतली पोरं कागद घ्यायची, मी पाढे म्हणायची. भावाला आजपासून पाढे म्हणायला लावा.

त्रासही तेवढाच. शनिवारची रात्र उजाडेपर्यंत संपत नाही, तेव्हाच गर्दी असते. हरलेलं माणूस डीलरला शिव्या देतं आणि आपण 'सर' म्हणत राहायचं. पाय सुजतात. एकदा आमच्याच भागातले एक काका टेबलावर आले, मला ओळखून खाली बघत खेळले आणि हरले. गोळी तर मीच फिरवली होती. मला चार दिवस जेवण गोड लागलं नाही. तळहात दाखवून टेबल सोडलं तरी असल्या गोष्टी माझ्याबरोबर खोलीवर येतात, त्याची तयारी ठेवावी लागते.

येळ्ळूरकर
ताई, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं, ती गप्प झाली, नाही म्हणाली नाही. सही करण्याआधी त्यानं काय विचारावं?

नंदगडची
जहाजावर की हॉटेलात, हे आधी. मग टिपेचा हिस्सा ट्रेनिंगमध्ये मिळतो की कायम झाल्यावर, आणि रजेवर असताना कापतात का. ट्रेनिंगनंतर किती काळ नोकरी सोडता येणार नाही आणि सोडलीच तर दंड किती, हे कागदावर बघा, तोंडी नको. खोली कंपनीची की स्वतःची, रात्री सुटल्यावर गाडी आहे का, पीएफ कापतात का. आणि मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात हे मुलाखतीत आवर्जून सांगू दे. हुबळी-बेळगावचं गिऱ्हाईक कन्नड बोलणाऱ्या डीलरपाशी मोकळं होतं, हे मी रोज बघते.

खानापूर_लोंढा
माझा मित्र तिथून परदेशी क्रूझवर डीलर म्हणून गेला. अनुभव असला तर ती वाट उघडते असं तो सांगतो. गणपतीला मात्र घरी येत नाही.

नंदगडची
गणपतीचं बरं आठवण केलंत. चतुर्थीला गोवेकर पोरं घरी जातात, त्यांना पहिली सुटी मिळते आणि टेबलं आपल्या माथी येतात. पण बेळगावची विसर्जन मिरवणूक अनंत चतुर्दशीला असते, तोवर ती कामावर परतलेली असतात. ती सुटी जूनमध्येच लिहून द्यायची, मिळते. एकतीस डिसेंबरची मागू नका.