पहिली मॅरेथॉन, शून्यापासून: अनुभवी मंडळींनी लिहा

कपाट आवरताना शर्यतीत छातीवर लावायचा नंबराचा कागद, म्हणजे एक जुना बिब, हाती लागला. चार गंजक्या सेफ्टी पिना अजून तशाच. म्हणून हा धागा.

शेजारच्या मुलीने येत्या जानेवारीत मुंबईला फुल धावायचं ठरवलंय. ४२.१९५ किमी. आजवर बस पकडण्यापलीकडे धावलेली नाही. तेव्हा 'मी कसा धावलो' हे किस्से गटगसाठी (आपण प्रत्यक्ष भेटू तेव्हासाठी) राखून ठेवा. इथे काय, किती, कधी आणि कुठे बिघडतं एवढंच लिहा. जून चालू आहे, म्हणजे हाताशी तीसेक आठवडे आहेत.

सुरुवात करून देतो. आठवड्यातून ३ दिवस, सलग दिवस नकोत. एका वेळी ३० मिनिटं: ५ मिनिटं भरभर चालणं, मग १ मिनिट धावणं आणि २ मिनिटं चालणं असं ७ वेळा, शेवटी ४ मिनिटं रमतगमत. धावण्याचा तुकडा सुरुवातीला दर आठवड्याला अर्ध्या ते एका मिनिटाने, नंतर त्याहून जास्त वाढवायचा. नवव्या-दहाव्या आठवड्यात सलग अर्धा तास धावता येतं. आला नाही एखादा आठवडा नीट, तर तोच पुन्हा करायचा.

दमछाक
सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते: वेग. धावताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. "आज भाजी कुठली करायची आणि गॅस बुक केला का" हे एका दमात म्हणता येत नसेल तर हळू व्हा. लोक बघतील, चालणारे आजोबा पुढे जातील, जाऊ द्या.
कारण असं की दम पाच-सहा आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब. बऱ्याच दुखापती नेमक्या तेव्हाच होतात.

माहीमचा_वारा
+१. आणि चालण्याची लाज नको. धाव-चाल पद्धतीने फुल पूर्ण करणारे ढीगभर आहेत. जेफ गॅलोवेंनी ती जगभर रुजवली, ते स्वतः १९७२ चे ऑलिंपियन. फक्त दमल्यावर चालायचं नाही, पहिल्या किलोमीटरपासून ठरल्या वेळी चालायचं. ४ मिनिटं धाव, १ मिनिट चाल. दमल्यावर चाललात तर ती विश्रांती नाही, शरणागती.

टेकडीवाला
थोडं विरुद्ध बोलतो. शून्यावरून ७ महिन्यांत फुल होतं, पण चुकायला जागा उरत नाही. मध्ये एक ताप, एक मुरगळ आली की गणित कोलमडतं. जानेवारीत हाफ (अर्धी मॅरेथॉन, २१ किमी) आणि त्यापुढच्या वर्षी फुल, हे माझं मत. तरीही फुलच करायची असेल तर रविवारची लांब धाव अशी वाढवा:
ऑगस्टच्या सुरुवातीला ५ किमी. मग दर रविवारी दीड किमी जास्त, पण दर चौथ्या रविवारी पाव-तृतीयांश कमी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला २० च्या आसपास पोचता. तिथून पुढे एक रविवार आड वाढवायचं: २१, २४, २७, ३०. मधल्या रविवारी १४-१६ पुरे. शेवटची ३० शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर उतरवत न्यायचं, धावण्याचे दिवस तेवढेच ठेवायचे.
त्या तीन आठवड्यांत हमखास वाटतं की तयारी कमी पडली, एक ३५ मारून येऊ. नाही मारायची. त्याचा फायदा शर्यतीपर्यंत अंगात उतरत नाही, थकवा मात्र उतरतो.

दमछाक
@टेकडीवाला, ३० चा हट्ट नको. किलोमीटरला ९ मिनिटं लागणाऱ्याला ३० म्हणजे साडेचार तास. नवख्याने घड्याळ बघावं, साडेतीन-चार तास झाले की घरी.

टेकडीवाला
मान्य. तास बघा, आकडा नाही.

सुगरण_पळते
पोह्यांबद्दल कोणी लिहिलंच नाही अजून?? 😀

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, तिकडं दीड तास पळायचं अन् इकडं दोन प्लेटी तर्री पोहे. वजन काय कमी होते मंग.

सुगरण_पळते
एकादशी अन् दुप्पट खाशी 😀 बरं, कामाचं लिहिते. लांब धावेआधी अडीच-तीन तास खायचं. चोथा कमी, तेल कमी. पोहे चालतात, पण शेंगदाणे आणि खोबरं वगळून. साबुदाणा खिचडीत तूप-दाणे भरपूर, धावताना पोटात दगड. केळं, ब्रेड-जॅम, मऊ भात हे निरुपद्रवी. मुंबईची फुल पहाटे सुटते, म्हणजे तीनच्या आत खायची सवय डिसेंबरातच लावा. आदल्या रात्री मिसळ, राजमा, कोबी काही नको.
तासाभराहून जास्त धावणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. जेलच्या (धावताना खायचा गोड, घट्ट पाक) पाकिटात बहुधा २० ते २५, मागे छापलेलं असतं. पहिलं खाणं ३०-४० मिनिटांनी, भूक लागायची वाट बघायची नाही. ३० किमीनंतर पाय शिशाचे होतात त्याचं मुख्य कारण स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा आटणं, आणि तेव्हा खाल्लेलं कामाला यायला फार उशीर झालेला असतो.
जेल साध्या पाण्यासोबत घ्या. गोड पेयासोबत घेतलं की पोटात पाक होतो आणि पुढचे दोन किलोमीटर शौचालय शोधण्यात जातात.

नवशिकी०७
मीच ती शेजारची 🙈 वाचतेय सगळं. पाणी किती प्यायचं? सगळे सांगतात भरपूर पी.

मीठभाकर
भरपूर हा शब्दच चुकीचा आहे ताई. घरचा काटा वापरा. तासभर धावायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जितके किलो घटलं तितके लिटर कमी पडले. मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा, तो तुमचा तासाचा घाम. त्याच्या वर प्यायचं नाही. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय. अती पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, आणि वेळीच कळलं नाही तर जिवावर बेततं. हळू धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते पाच-सहा तास रस्त्यावर असतात आणि प्रत्येक टेबलाशी थांबतात.
ओआरएस घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का बघा. २०.५ ग्रॅमचं अख्खं पाकीट बरोबर १ लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट ओतायचं नाही, फार तीव्र होतं आणि पोट बिघडतं.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं मे महिन्यात पळणं म्हणजे तव्यावर पळणं. पाचला सुरू, साडेसहाला घरात. मुंबईकरांनो, तुमचा ऑक्टोबर त्याहून वाईट बरं का. दमट हवेत घाम वाळतच नाही, मग अंग गार कसं होईल? तेव्हा वेग नाही, श्वास बघायचा.

पोटरी_काकू
आता दुखण्यांचं. भिंतीवर चिकटवून ठेवा.
नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखतो: वाढ जास्त झाली. आठवडाभर धावणं निम्मं, डांबरी नाहीतर मातीचा रस्ता.
एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखते, एका पायावर उडी मारली की कळ, रात्रीही ठणका: हाडाला चीर असू शकते. धावणं आजच बंद, डॉक्टर. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून "एक्स-रेत काही नाही" यावर विसंबायचं नाही.
सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाचेत टोचतं, चाललं की बरं वाटतं: तळव्याचा स्नायूबंध. पोटरी ताणणं, घरात अनवाणी फिरणं बंद.
गुडघ्याच्या वाटीभोवती, जिना उतरताना: मांडी आणि कुल्ले कमजोर.
यावर उपाय कंटाळवाणा आहे. आठवड्यातून दोनदा २० मिनिटं: उठाबशा, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कुल्ले वर उचलणं), आणि जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, १५ चे ३ संच. खाली यायला तीन सेकंद घ्या. खरं काम उतरतानाच होतं.
आणि वेदनाशामक गोळी खाऊन धावायचं नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, त्यात अंगात पाणी कमी, थेट मूत्रपिंडावर ताण.

दमछाक
काकू _/\_

आभाळमाया
मुलींसाठी वेगळं. स्पोर्ट्स ब्राचा आधार खालच्या पट्ट्यातून मिळतो, खांद्याच्या पट्ट्यांतून नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. पट्ट्याच्या शिवणीखाली, काखेत, मांड्यांमध्ये धावण्याआधी व्हॅसलिन. (पुरुषांनो, स्तनाग्रांवर मायक्रोपोर टेप. पांढऱ्या टी-शर्टवरचे दोन लाल ओघळ ओळखायला वेळ लागत नाही.)
हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, असं बायकांत खूप असतं.
आणि अंतर वाढवल्यावर पाळी लांबली किंवा थांबली तर "पळण्याने होतं तसं" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा खाणं कमी पडतंय, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

नवशिकी०७
हे कोणी सांगतच नाही. धन्यवाद ताई.

मधुमेही_मित्र
बाबा-काका मंडळींना प्रोत्साहनाने सोबत ओढू नका लगेच. चाळिशी पार, बीपी, साखर, घरात कोणाला लवकर हृदयविकार, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर धावताना साखर झपकन खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोज हवंच.

बर्फातला_मराठी
मिनेसोटातून. जे एनआरआय जानेवारीत येऊन मुंबई धावतात त्यांच्यासाठी: शरीराला उष्णतेची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. शुक्रवारी उतरून रविवारी धावणार असाल तर ठरवलेला वेग विसरा. ट्रेडमिलला १ टक्का चढ द्यावा म्हणतात, ते वेगवान धावणाऱ्यांसाठी. नवख्याच्या वेगाला काही फरक पडत नाही.

सुगरण_पळते
तिकडे पोहे मिळतात का हो?

बर्फातला_मराठी
पोहे मिळतात. कढीपत्ता मात्र सोन्याच्या भावाने.

माहीमचा_वारा
बूट राहिले. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय फुगलेले असतात. धावायचे मोजे घालून बघा, सुती नको. अंगठ्यापुढे नखभर नाही, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा लागतो. उतारावर नखं काळी पडत असतील तर बूट लहान आहे किंवा लेस सैल. सगळ्यात वरचं रिकामं भोक वापरून टाच बांधा. साधारण ५०० ते ८०० किमीला तळ मरतो, वरून नवा दिसला तरी. वहीत बुटांचे किलोमीटर लिहा.
मार्गाबद्दल: परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ ३५ किमीनंतर यायचा, त्यानेच माणसं बसतात. मार्ग बदलत असतो, यंदाचा नकाशा आणि कट-ऑफ (शर्यत संपवायची वेळमर्यादा) बघून घे. पहिले १० किमी लाज वाटेल इतके हळू. ८ मिनिटांच्या चालीने सगळं मिळून ५ तास ३७ मिनिटं होतात.

नवशिकी०७
काल भिजले बूट. फ्रिजच्या मागे ठेवलेत वाळायला 🙈

माहीमचा_वारा
काढ आधी! उष्णतेने डिंक सुटतो. आतली गादी वेगळी काढ, वर्तमानपत्राचे बोळे कोंब, तासाभराने बदल. दोन-तीनदा बदललेस की रात्रभर पंख्याखाली.

वऱ्हाडी_ठेचा
अन् कुत्रे?

टेकडीवाला
थांबायचं, चालायला लागायचं, डोळ्यात बघायचं नाही. पाठ दाखवून पळालं की तेही पळतात, आणि त्यांचा वेग चांगला असतो.