एसटीने गाठता येणाऱ्या कोकणातल्या डोंगरवाटा : तुमचे अनुभव

किल्ल्यांच्या माहितीत 'कसे जाल' या सदराखाली हल्ली स्वतःच्या गाडीचाच रस्ता लिहिलेला असतो. पार्किंग कुठे, शेवटचा पेट्रोलपंप कुठे, वगैरे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करायचं ते कोणी सांगत नाही. आणि खरं विचाराल तर गाडीवाल्यांचंच नुकसान जास्त. जिथे गाडी उभी केली तिथेच त्यांना झक मारत उतरावं लागतं. एसटीने गेलेला माणूस एका गावातून चढतो आणि दुसऱ्या गावात उतरतो.

तेव्हा पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत तुम्ही लाल डब्याने ज्या डोंगराला गेलात त्याबद्दल लिहा. कुठल्या स्टँडवर कुठली पाटी बघायची, कुठे उतरायचं, परत कसे आलात. गाड्यांच्या वेळा मात्र लिहू नका. त्या बदलत राहतात, आणि जुनी वेळ वाचून कोणी फाट्यावर ताटकळलं तर शिव्या आपल्याला.

सुरुवात मीच करतो, सुधागडापासून. पाली स्टँडवरून पाच्छापूरची गाडी पकडायची. छत्रपती संभाजी महाराज आणि औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर यांची 1681 मध्ये भेट झाली ते हेच पाच्छापूर. पुढे ठाकूरवाडीतून चढायचं. वाटेत लोखंडी शिडी लागते, मग बुरुज, मग गवताळ पठार. वर भोराई देवीचं देऊळ आणि पंत सचिवांचा वाडा. मुक्काम करायचा तर वाड्यात, पण सुट्टीच्या दिवशी तिथे आधीच कोणीतरी पथारी पसरलेली असते.

आता मुद्द्याचं. या गडाचा महादरवाजा ठाकूरवाडीच्या वाटेवर नाहीच. तो धोंडसे गावाच्या बाजूला, बराच खाली आहे. रायगडाच्या महादरवाजाची आठवण यावी असा गोमुखी बांधणीचा, दोन भक्कम बुरुजांच्या कुशीत लपलेला. ठाकूरवाडीला गाडी लावलेले लोक तिथपर्यंत उतरायचं आणि परत चढायचं या विचारानेच कंटाळतात आणि तो न बघता घरी जातात. आम्ही त्यातूनच बाहेर पडलो, तसेच धोंडसेला उतरलो आणि पालीला परतलो. वाट लांब आहे, झाडीची आहे, खालच्या ओढ्यांना पावसाळ्यात जोर असतो. पालीत वेळ उरला तर सरसगड स्टँडवरून चालत जाण्याइतका जवळ आहे. त्याच्या त्या सुप्रसिद्ध 96 पायऱ्या इतक्या उंच आहेत की गुडघा छातीला लागतो.

अलिबागहून

आमच्याकडे सागरगड. अलिबाग-पेण मार्गावरची साधी गाडी पकडून खंडाळ्याला उतरा. जलद गाडी थांबेल याचा भरवसा नाही, चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या. गावातून धोंडाण्याच्या धबधब्याकडे तोंड करून निघायचं, सिद्धेश्वराला जरा टेकायचं, मग माचीवरची वस्ती आणि पुढे गड. वरून हवा स्वच्छ असली तर किनाऱ्याची पट्टी आणि समुद्रातले किल्ले दिसतात.

मुंबईकरांना एक सांगणं. मांडव्याच्या साध्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, आणि धबधबा बघायला तुम्ही नेमके तेव्हाच येता. तेव्हा पनवेलहून एसटीच धरा. पुढच्या सीटवर बसून खिडकी उघडी ठेवाल तर पेणपर्यंत भिजून निघाल.

खेडचा एक

रसाळगड, सुमारगड, महिपतगड हे एका रांगेतले तिघे. एसटीने करायचे तर यासारखी रांग नाही, कारण सुरुवात एका टोकाला आणि शेवट दुसऱ्या टोकाला. खेड स्टँडवरून रसाळगडाच्या घेऱ्यातल्या गावाकडे जायचं. गड छोटा, चढ किरकोळ, वर झोलाई देवीचं देऊळ आणि इकडे तिकडे पडलेल्या तोफा. देवळात झोपायची सोय होते. दुसऱ्या दिवशी सुमारगड. त्या जंगलात ढोरवाटा इतक्या फुटतात की गावातला माणूस सोबत घेतल्याशिवाय जाऊ नका, आणि त्याच्या दिवसाची मजुरी न कुरकुरता द्या. शेवटी महिपतगड. पारेश्वराचं देऊळ तिथेच. खाली दहिवलीकडे उतरलात की परत खेडची गाडी.

वस्तीच्या गाडीबद्दल थोडं सांगतो, कारण शहरातल्यांना ही भानगड माहीत नसते. संध्याकाळी डेपोतून सुटलेली गाडी आडगावात मुक्कामाला जाते आणि पहाटे तीच परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, कधी देवळात तर कधी शाळेच्या पडवीत. रात्री त्या गाडीने गावात पोहोचायचं आणि उजाडताना चढाईला लागायचं, हा एसटीवाल्या ट्रेकचा राजमार्ग. गाडीत कंडक्टरच्या शेजारी बसा. उद्या कोण वाटाड्या मिळेल, विहिरीला पाणी आहे का, हे सगळं त्याला ठाऊक असतं.

देवरुखहून, वय सांगत नाही

तुम्ही सगळे गडच सांगताय. गुडघे दुखणाऱ्यांनी काय घरी बसायचं? देवरुखहून मारळच्या गाडीत बसा आणि मार्लेश्वराला या. पायऱ्या भरपूर आहेत, पण टप्प्याटप्प्याने बसत गेलं की जमतात. गुहेत विजेचा दिवा नाही, समया तेवतात, आणि कपारीत साप असतात. ते त्यांच्या जागी, आपण आपल्या. समोर सह्याद्रीच्या कड्यावरून धारेश्वराचा धबधबा. मकरसंक्रांतीला देवाचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, त्या यात्रेला गर्दी म्हणजे गर्दी. शांतपणे बघायचं तर श्रावण संपल्यावर या.

मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या भजनी मंडळाच्या सहली वाढल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही. ओळखपत्र तेवढं पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावं, गाडी हलत असताना तळ उपसत बसू नये.

संगमेश्वरवरून

शृंगारपूरची गाडी आणि प्रचितगड. गाडी कसब्यावरूनच जाते, तेव्हा जाताना किंवा येताना तिथे उतरून कर्णेश्वराचं देऊळ बघाच. छताकडे मान वर करून उभं राहिलात तर गाडी चुकेल, पण चुकू दे. शृंगारपूर हे येसूबाईंच्या माहेरच्या शिर्क्यांचं गाव. गड गावाच्या मागे भिंतीसारखा उभा आहे. चढ सरळ अंगावर येतो, शेवटी लोखंडी शिडी. वरचा भाग चांदोली राष्ट्रीय उद्यानाला लागून, त्यामुळे वनखात्याची चौकशी आधी करा. भर पावसात आम्ही गावकरीही तिकडे फिरकत नाही.

सावंतवाडीकर

आंबोलीला जायला गाडीची चिंताच नाही. कोल्हापूर, बेळगाव सगळ्या गाड्या घाटातूनच जातात. रविवारी मुख्य धबधब्यापाशी उतरू नका, तिथे माणसांचीच धार असते. सरळ वर स्टँडपर्यंत या आणि चालत महादेवगड किंवा हिरण्यकेशीला जा. हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेल्या माशाची 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. त्या पाण्यात पाय बुडवून फोटो काढणाऱ्यांना हटकलं तर उलट आपल्यालाच शहाणपणा शिकवतात. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवा.

एक प्रश्न

नारूरच्या बाजूने रांगण्याला कोणी गेलंय का? एसटीने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल?

कुडाळवाला

गेलोय. एका दिवसात धावपळ होते, गडावर किंवा नारूरला मुक्काम धरूनच चला. कंडक्टरने उतरतानाच ऐकवलं होतं, "परतीची गाडी चुकली तर रात हयच काढूची लागतली." गणपती आणि शिमग्यात चाकरमान्यांच्या जादा गाड्या सुटतात, शाळांच्या सुट्टीत गावच्या फेऱ्या कमी होतात. त्या दिवसांत आदल्या संध्याकाळी स्टँडवर कंट्रोलरला प्रत्यक्ष जाऊन विचारा. फोन लागेलच असं नाही.