इंजिन बदललं म्हणून मीटर मेले?

घाटवाट: काल डिझेलदादांनी लिहिलं, "जुन्या जीपला डिझेल इंजिन टाकलं की मूळ मीटर शोभेचे. वायरी कापा, काटे दिसायला ठेवा, स्टिअरिंगखाली एक डिजिटल डबा लावा, विषय संपला." खाली वाहवाची रांग लागली. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझी १९५१ची विलीस जीप. मूळचं फ्लॅटहेड पेट्रोल इंजिन वडिलांच्या काळातच गेलं, त्या जागी प्युजोचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आहे. पाचही मूळ मीटर चालू आहेत आणि खरं सांगतात. डॅशच्या मागे एकदा टॉर्च मारून बघा, कापायला तिथे वायरी फारशा नाहीतच. स्पीडोमीटर केबलवर फिरतो. ऑइल प्रेशरला तेलाची बारीक नळी थेट मीटरपर्यंत येते. टेंपरेचरचा काटा इंजिनात बसवलेल्या बल्बमधल्या, म्हणजे ईथर भरलेल्या छोट्या बंद डबीतल्या, वाफेच्या दाबावर हलतो. अँपियर मीटरमधून करंट नुसता वाहतो, त्याला मूळचे सहा व्होल्ट काय नि नव्या इंजिनाचे बारा काय. व्होल्टेजचं पथ्य आहे ते एकट्या टाकीच्या काट्याला. त्याच्या आधी सहा व्होल्टचा रेग्युलेटर टाका. नुसता रेझिस्टन्स टाकून भागत नाही, कारण टाकीतली पातळी बदलली की करंट बदलतो आणि काटा भलतंच दाखवायला लागतो.

म्हणजे इंजिन बदलल्यावर अडचण उरते ती आट्यांची. जुन्या नळीचे आटे इंची, नव्या ब्लॉकचे मिलिमीटरचे. कुठलाही चांगला टर्नर लेथवर पितळी अडॅप्टर काढून देतो. त्यासाठी सत्तर वर्षांचे मीटर मारायचे?

डिझेलदादा: आट्यांचं ठीक आहे, थरथरीचं काय? प्युजो थंडीत सुरू झालं की अख्खा डॅश नाचतो. मी मूळ तांब्याची नळी ठेवली होती. कसारा घाट चढताना ती मीटरच्या मागे तुटली आणि गरम तेल थेट पायावर. बायको शेजारी, मुलं मागे. हे तेल एक्झॉस्टवर उडालं असतं तर? इलेक्ट्रिक सेन्सरची वायर तुटली तर काटा पडतो, माणूस भाजत नाही. मूळपणाचं कौतुक तुम्हीच करा.

आणि अँपियर मीटरमधून करंट "नुसता वाहतो" म्हणे! डिझेल सुरू करताना सिलिंडर तापवणारे चार हीटर प्लग मिळून चाळीस अँपियरच्या वर खेचतात. सगळा करंट डॅशमागच्या त्या जुन्या कापडी वायरीतून नेणार?

घाटवाट: हीटरची लाइन मीटरमधून न्यायला कुणी सांगितलं? बॅटरीकडून वेगळी जाड वायर, रिले, थेट प्लगवर. अल्टरनेटर मोठा असेल तर शंट लावा, म्हणजे बराचसा करंट मीटरला वळसा घालून नेणारी पट्टी. नळीचं म्हणाल तर ब्लॉककडचा शेवटचा हातभर भाग जाळीच्या लवचिक होजचा हवा. सरळ तांबं ताणून बांधलं तर तुटणारच. तो दोष बांधणाऱ्याचा.

स्पॅनर सांगली: दोघेही स्पीडोमीटरला विसरलात. जीपमध्ये केबल ट्रान्स्फर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीतून निघते, त्यामुळे इंजिन कुठलंही असो, फरक नाही. पण डिझेल टाकणारे बहुतेक जण क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टची ताकद चाकांकडे वळवणारे गिअरही बदलतात. ५.३८ गुणोत्तराच्या जागी ४.८८ टाकलं की त्याच वेगाला शाफ्ट कमी फिरतो. मीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ने पळत असते. वर मोठे टायर घातले की फरक आणखी वाढतो. घाटवाट, तुमच्या जीपला मागे कुठलं हाउसिंग (हे गिअर असलेला अ‍ॅक्सल) आहे? "पाचही खरं सांगतात" हे जरा तपासून बोला.

घाटवाट: हाउसिंग मूळचं, ५.३८. टायरही ६.००-१६.

स्पॅनर सांगली: मग तुमच्यापुरतं मान्य. सगळ्यांना सल्ला म्हणून नाही.

अण्णा पिंपरी: मीटरचं पुराण बाजूला ठेवा. आरसीवर इंधन काय लिहिलंय? अर्ध्या महाराष्ट्रातल्या जीपा कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. इंजिन बदलायला परवानगी लागते आणि आरसीवर नोंद लागते. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबर बघते. माझ्या साडूचा दावा असाच अडकला.

विदुला: अण्णा, नोंद करायला गेलं की काय होतं ते मी सांगते. आजोबांची जीप, डिझेल इंजिन मीच बसवून घेतलं, पावती होती, सगळं होतं. एका कार्यालयात वर्षभर "साहेब रजेवर", "फाइल वर गेलीय". एजंट बाहेर उभाच होता. प्रामाणिक माणसाने करायचं काय?

अण्णा पिंपरी: म्हणून बेकायदा चालवायची? २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही.

विदुला: बेकायदा चालवते असं मी कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका. जीप शेडमध्ये उभी आहे. २०२१च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' नंबर मिळतो, वीस हजार फी भरून. पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल असेल तर नाही. म्हणजे इंजिन बदलून गाडी जिवंत ठेवणारा बाहेर!

डिझेलदादा: तो नंबर घेऊन करणार काय, ताई? रोज चालवताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, पंपापर्यंत नि दुरुस्तीपुरती. मला जीप शेतावर न्यायची असते.

अण्णा पिंपरी: पेट्रोलच्या आरसीवर डिझेल जीप शेतावर. वा!

डिझेलदादा: माझ्या आरसीवर डिझेलच आहे, अण्णा. न बघता बोलायची सवय सोडा.

स्पॅनर सांगली: अहो, मीटर! टेंपरेचरचा बल्ब कुठे बसवलाय ते कुणीच सांगत नाही आणि इंजिन त्यानेच जातं. बरेच मिस्त्री वरच्या होजमध्ये टी टाकतात. ती जागा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) पुढची, तो उघडेपर्यंत काटा झोपलेला. पाणी गळून गेलं की बल्ब हवेत, काटा खाली येतो, ड्रायव्हर निर्धास्त, हेड खलास. बल्ब हेडमध्येच हवा. नळी लांब वाटली तर गुंडाळा, कापू नका. कापली की आतला ईथर गेला, मीटर संपला. बसवण्याआधी बल्ब उकळत्या पाण्यात धरा, काटा २१२ फॅरनहाइटला यायला हवा. पाचगणीत तपासलंत तर थोडा खाली राहील, तिथे पाणीच आधी उकळतं.

डिझेलदादा: हे पटलं. माझा बल्ब होजमध्येच आहे, या रविवारी हलवतो. होजची नळीही लावून बघेन. पण डिजिटल डबा काढणार नाही. त्याला बझर आहे. घाटात गर्दीतून चढताना माझी नजर रस्त्यावर असते, फॅरनहाइटच्या काट्यावर नाही.

घाटवाट: बझर लावा ना! हेडमध्ये दुसरं भोक असेल तर तिथे वेगळा स्विच टाका, दोन्ही राहू देत. माझं भांडण "वायरी कापा"शी आहे. तुमचं वाचून कालपासून दोघांनी मला विचारलंय, जुने मीटर भंगारात किती जातील म्हणून.

विदुला: त्या दोघांना माझ्याकडे पाठवा. मला ऑइल प्रेशरचा मूळ मीटर हवाय.

अण्णा पिंपरी: आणि नोंदीचं?