लॉगआउटनंतरही एन्क्रिप्टेड होम उघडे राहते: पल्सऑडिओ काढून टाकावे का?

प्रश्न

माझ्या लिनक्स संगणकावरील होम डिरेक्टरी (माझ्या खात्याच्या फाइलींचा फोल्डर) ई-क्रिप्टएफएस या एन्क्रिप्शन प्रणालीने एन्क्रिप्ट केलेली आहे. लॉगआउट केल्यावर ती आपोआप अनमाउंट, म्हणजे सिस्टमपासून वेगळी होऊन बंद, व्हायला हवी. परंतु अर्ध्या तासानंतर प्रशासकाच्या खात्यातून पाहिले, तरी सर्व फाइली सरळ वाचता येतात. फाइली कोणत्या प्रोसेस वापरत आहेत हे दाखवणाऱ्या एफयूझर आज्ञेने तपासल्यावर पल्सऑडिओ (आवाज हाताळणारी सेवा) आणि एमपीडी (पार्श्वभूमीत संगीत वाजवणारी सेवा) या दोन प्रोसेस होमला धरून बसलेल्या आढळल्या. लॉगइन असताना पल्सऑडिओ किल केले (सक्तीने बंद केले), तर ते लगेच पुन्हा सुरू होते. हा संगणक इतरही वापरतात, म्हणून मला काळजी वाटते. पल्सऑडिओ काढूनच टाकावे का?

प्रतिसाद १

काढू नका, कारण मूळ दोष तिथे नाही. एखाद्या फाइलसिस्टममधील एक फाइल जरी उघडी असली, तरी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) ती फाइलसिस्टम अनमाउंट करू देत नाही, आणि पल्सऑडिओ आपली कुकी (ओळख पटवणारी छोटी फाइल) व प्रत्येक ॲपच्या आवाजाच्या नोंदी होममध्येच ठेवते. ते पुन्हा सुरू होते ते ऑटोस्पॉनमुळे (गरज पडताच आपोआप सुरू होण्याची सोय) किंवा सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा चालवणारी व्यवस्था) सॉकेटमुळे, जे जोडणीची मागणी येताच सेवा सुरू करते. म्हणून सर्व्हिस थांबवताना सॉकेट युनिटही थांबवावे लागते.

खरा प्रश्न असा आहे की, सेशन संपल्यावर या सेवांना जिवंत कोण ठेवते. सिस्टमडीचा यूझर मॅनेजर, म्हणजे तुमच्या खात्याच्या सेवा चालवणारा भाग, शेवटच्या सेशननंतर, सेटिंग बदलले नसल्यास, फक्त 10 सेकंद वाट पाहून बंद होतो. मात्र त्या खात्यासाठी लिंगर (लॉगआउटनंतरही सेवा चालू ठेवण्याचे सेटिंग) चालू असेल, तर तो बंदच होत नाही. प्रशासकाच्या खात्यातून लॉगिनसीटीएल यूझर-स्टेटस ही आज्ञा तुमच्या खात्याच्या नावासह चालवून लिंगरची ओळ पाहा. तुमच्या यादीतील एमपीडीमुळे माझा संशय तिकडेच जातो.

प्रतिसाद २

वरील निदानाशी मी सहमत आहे. एक कळकळीची विनंती: अनमाउंट होत नाही म्हणून लेझी अनमाउंटचा (फाइली उघड्या असतानाही लगेच वेगळे करण्याचा) पर्याय वापरू नका. त्याने माउंट यादीतून दिसेनासे होते, पण चालू प्रोसेसच्या हाती उघड्या फाइली तशाच राहतात, आणि आपण सुरक्षित आहोत असा खोटा भरवसा निर्माण होतो. किलयूझरप्रोसेसेस हे लॉगआउट होताच खात्याच्या प्रोसेस संपवणारे सेटिंग चालू करण्याचा सल्लाही अनेक जण देतात; परंतु तुम्ही टीमक्स किंवा स्क्रीन या टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये दीर्घ कामे लावून ठेवत असाल, तर लॉगआउटबरोबर तीही मरतील.

प्रश्नकर्ता

लिंगर चालूच होते. लॉगआउटनंतरही संगीत सुरू राहावे म्हणून एमपीडीसाठी मीच ते पूर्वी चालू केले होते. आता ते बंद केले आहे, आणि सुमारे 15 सेकंदांनी एफयूझर काहीच दाखवत नाही. तरीही होम माउंट केलेलेच दिसते. असे का?

प्रतिसाद १

लॉगआउटच्या क्षणी पॅम (लॉगइन-लॉगआउट हाताळणारी व्यवस्था) मॉड्यूल अनमाउंटचा प्रयत्न करते, तेव्हा यूझर मॅनेजरचे ते 10 सेकंद अजून सरलेले नसतात. प्रयत्न फसतो आणि पुन्हा कोणी करत नाही. लॉगिनडीच्या (सिस्टमडीचा लॉगइन सांभाळणारा भाग) सेटिंगमध्ये यूझरस्टॉपडिलेसेक, म्हणजे हीच वाट पाहण्याची वेळ, शून्य करून पाहा, आणि तरीही माउंट उरले, तर मॅनेजर थांबल्यानंतर अनमाउंट करणारे छोटे सिस्टम युनिट लिहा. संगीत अखंड हवेच असेल, तर एमपीडी स्वतंत्र सिस्टम खात्याखाली चालवा आणि गाणी होमबाहेर ठेवा.